चौकातलं पेव : औसा तालुक्यातल्या एका वाड्याच्या ओलीचं प्रकरण

2021 च्या सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाचा उरलासुरला जोर मराठवाड्यावर येऊन फुटला. मांजरा धरणाचे सगळे 18 दरवाजे उघडावे लागले. त्याच आठवड्यात औसा तालुक्यातल्या एका जुन्या वाड्याच्या तळघरात घोटाभर पाणी साचलं. पुढे पाऊस ओसरला, नद्या उतरल्या, दसरा झाला, दिवाळी झाली, पण तळघरातलं पाणी काही हटेना. बादल्यांनी उपसावं आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा ईशान्येच्या कोपऱ्यात तळं बघावं, असं चाललं होतं. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात घरातलं पाणी बाहेर कसं काढायचं, या विवंचनेत एक कुटुंब होतं.

जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं मी करतो, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. गावाचं नाव देत नाही. घरात तिघांचा शब्द चालतो. थोरले अण्णा शेती बघतात आणि वाड्यातच राहतात. धाकटे बापू नोकरीनिमित्त पुण्याला असतात. त्यांच्या चुलतीला, आक्कांना, सगळं गाव आक्काच म्हणतं. वय ऐंशीच्या पुढे, कानानं थोड्या कमी, जिभेनं अजिबात नाही.

मी पोचायच्या आधी निदानं तयार होती. अण्णांचं बोट शेजारच्या भाऊकीतल्या घराच्या शोषखड्ड्याकडे होतं. तो वाड्याच्या पूर्वेच्या भिंतीपासून जेमतेम सहा फुटांवर, आणि ओला कोपरा नेमका त्याच बाजूचा. दोन घरांत त्यावरून बोलणं बंद झालेलं. बापूंचं म्हणणं, हे जमिनीचंच पाणी आहे, किती दिवस उपसत बसणार, पाडा आणि स्लॅबचं बांधा. एका ठेकेदारानं तळघराला आतून रसायनाचा लेप देण्याचा आकडा काढून ठेवला होता, आणि आकडा भक्कम होता. गावातले मिस्त्री, ज्यांना लहानथोर सगळे मामा म्हणतात, ते एवढंच म्हणाले, "पाणी कुठून येलालंय ते कळू द्या आधी, मग पैसे घाला."

आतून लेप का चालत नाही, ते इथेच सांगून टाकतो. भिंतीमागे मीटरभर पाणी उभं असेल, तर तळाशी चौरस मीटरला एक टनाचा दाब येतो. लेप आतल्या अंगानं दिला तर तो दाब त्याला भिंतीपासून ढकलतो. पहिलं वर्ष छान जातं, दुसऱ्या वर्षी फुगे येतात, तिसऱ्या वर्षी पोपडे हातात येतात. लेप द्यायचाच तर पाण्याच्या बाजूनं द्यावा लागतो, आणि तळघराच्या बाबतीत ती बाजू मातीत गाडलेली असते.

घर

वाडा निजामाच्या राजवटीतला. काळ्या दगडाच्या अडीच-अडीच फूट रुंद भिंती, दगड मातीत बसवलेले. आत सागवानी खांब, त्यावर तुळया. मधोमध उघडा चौक, चौकाच्या दक्षिणेला माजघर, माजघराखाली तळघर. चौकाच्या पातळीपासून तळघराची जमीन आठ फूट खोल. रस्त्याकडच्या भिंतीत खाली दोन झरोके, तळघराला वारा मिळावा म्हणून ठेवलेले.

वर एके काळी माळवद होतं. तुळयांवर सर, सरांवर लाकडं, त्यावर पाला-चिपाडं आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती गावाच्या जुन्या पांढरीतून आणायची, म्हणजे जिथे शेकडो वर्षं वस्ती नांदून गेली त्या टेकाडातून. राखेची, क्षारांची, चिकट. ओली झाली की वरचा पापुद्रा लिंपल्यासारखा बसतो आणि पाणी खाली जाऊ देत नाही. दर उन्हाळ्यात वरून नवी पाटी ओतायची, पाय देऊन दाबायची. तेरसारख्या ठिकाणी अशी माती खणतानाच सातवाहन काळातल्या वस्तू लोकांच्या हाती लागत गेल्या. माळवदाचा उतार बाहेर रस्त्याकडे असायचा आणि पाणी पन्हळीतून भिंतीपासून हातभर लांब पडायचं.

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली, ती मुख्यतः अशाच घरांखाली. दोन्ही तोंडांचे दगड वेगळे, मध्ये माती आणि खडी भरलेली, एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जाणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की भिंत उभी चिरल्यासारखी दुभंगते आणि वरची टनावारी माती खाली येते. हा वाडा वाचला, कारण छताचं ओझं भिंतींवर नव्हतं, खांबांवर होतं. उत्तरेच्या भिंतीला तेवढं पोट आलं, ते अजून आहे. पण घरातल्यांनी पुढच्या उन्हाळ्यात माळवदाची माती उतरवली आणि पत्रे घातले. तो निर्णय योग्यच होता. छताचं वजन कमी करा, असंच तेव्हा सगळीकडे सांगितलं जात होतं.

पत्रे घालताना मात्र एक गोष्ट उलटी झाली. उतार आत, चौकाकडे काढला. रस्त्याकडे पत्र्याचं पाणी पडलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर पडेल, म्हणून. सगळ्या बाजूंचं पाणी चौकात, आणि चौकातून उंबऱ्याखालच्या मोरीनं रस्त्याला. पंचवीस वर्षं यात काही बिघडलं नाही.

लोणचं कुठं ठेवायचा?

जुन्या घराचा नकाशा नसतो, दुरुस्तीची बिलं नसतात. कोणत्या साली काय केलं, हे माणसांच्या बोलण्यात विखुरलेलं असतं, आणि तेही ओलीच्या नावानं नाही. लग्नाच्या, दुष्काळाच्या, पापडाच्या नावानं. "ओल कधीपासून आहे?" असं विचारलं की उत्तर येतं, "लई दिवसापासून." म्हणून मी ओलीचं विचारतच नाही. आक्कांना विचारलं, "आक्का, लोणच्याची बरणी कुठं ठेवायचा?"

त्यावर अर्धी दुपार गेली. लोणचं ईशान्येच्या कोपऱ्यात, कारण तिथे सगळ्यांत गार. पापड-कुरडयांचे डबे जिन्याखाली. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात पूजा करून जेवायच्या सणाच्या, आदल्या दिवशी आंबिलीचं मडकं तिथेच, रात्रभरात बेतानं आंबतं, फार आंबट होत नाही. लसूण झरोक्याच्या गजाला टांगलेला. मग येळवशीचा विषय निघाला तो निघालाच: डाळी-भाज्यांच्या भज्जीत यंदा तूर कोवळी मिळाली नाही, उंडे बाजरीचेच खरे, शेतातल्या कडब्याच्या कोपीत पूजा झाल्याशिवाय पोरं खायला मागतात, आजकालच्या सुना आंबिलीत ताक कमी घालतात. अण्णा मधूनमधून घड्याळ बघत होते. साहेब भिंत सोडून लोणचं का चघळतायत, हे त्यांना कळत नव्हतं.

पण त्या गप्पांतून तीन तारखा पदरात पडल्या. बरणीच्या फडक्याला पहिल्यांदा बुरशी दिसली ती 2020 च्या दिवाळीत. त्या ऑक्टोबरात मोठा पाऊस झाला होता, तेव्हाच बरणी वर आणली. त्याआधी कितीतरी ओले पावसाळे आक्कांनी याच घरात काढले, पण तळघराला कधी ओल नव्हती. आणि मधल्या 2021 च्या मे महिन्यात त्याच कोपऱ्यात लसूण टांगला होता, तो शेवटपर्यंत खडखडीत राहिला.

तेवढ्यात अण्णांनाही आठवलं. 2020 च्या खरिपाचं सोयाबीन त्यांनी बियाण्यासाठी तळघरात ठेवलं होतं. 2021 च्या मृगानंतर पेरलं तर निम्मंही उगवलं नाही. दोष वाणाला दिला, मळणीयंत्राला दिला, पावसाच्या उघडिपीला दिला. सोयाबीनचं बी नाजूक. साठवताना ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की उगवण झपाट्यानं घसरते. पेरणीआधी ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून 70 तरी उगवतात का, एवढं बघितलं असतं तर तळघराचा आजार सहा महिने आधीच कळला असता.

आता शोषखड्ड्याचं काय? तो खड्डा त्याच्या कितीतरी आधीचा आणि बाराही महिने रोज वापरातला. ओल त्याची असती, तर मे महिन्यात लसूण कोरडा राहिला नसता. वर्षभर सारखं वाहणारं पाणी वर्षभर ओल देतं. पावसानंतर लगेच येऊन लगेच जाणारी ओल वरून येते, पत्र्यातून किंवा भिंतीच्या माथ्यावरून. पावसानंतर येऊन तीन-चार महिने मुक्काम ठोकणारी ओल कुठल्या तरी साठ्यातून येते. मामांनी माझ्या आधीच शेजाऱ्यांच्या संडासात नीळ ओतून तळघरात निळं पाणी येतं का ते बघितलं होतं. आलं नाही. पण रंग न दिसणं हा पुरावा नव्हे, काळी माती आणि मुरूम रंग धरून ठेवतात. लसणाची साक्ष मला जास्त भरवशाची वाटली.

आडाची पातळी

मग बापूंचा मुद्दा: जमिनीचं पाणी. वाड्यातला आड 2016 ला आटला तेव्हा घरच्यांनी राडारोडा टाकून बुजवला होता. दुष्काळात आड बुजवणं आपल्याकडे घरोघरी झालं. घरातला पाण्याचा सर्वांत जुना मापक त्या दिवशी गेला. भाऊकीतल्या घरचा आड मात्र जिवंत होता. बोलणं बंद असलेल्या घरी आडात दोर सोडायला जायचं म्हणजे पंचाईत. आक्का स्वतः गेल्या, हातात येसराची, म्हणजे आमटीला लावायच्या भाजक्या पीठ-मसाल्याची, डबी घेऊन. परवानगी मिळाली, चहाही मिळाला.

आडाच्या काठापासून पाण्यापर्यंत दोर मोजला. मग मामांनी पारदर्शक नळीत पाणी भरून आडाच्या काठाची पातळी खिडकीतून आत, तिथून तळघराच्या जिन्यावर आणली आणि कोळशानं खूण केली. ही नळी म्हणजे गवंड्याचं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खरं बोलणारं हत्यार. खुणेवरून खाली माप टाकलं. आडातलं पाणी तळघराच्या जमिनीपेक्षा दीड हात खाली भरलं.

नोव्हेंबरात आडातलं पाणी खाली आणि तळघरात पाणी वर! म्हणजे हे भूजल नाही. जमिनीच्या आत, तळघराच्या वरच्या अंगाला, कुठे तरी पाणी अडकून बसलं होतं. घर पाडायचा मुद्दा तिथे मिटला, निदान माझ्यापुरता.

लाल भाकर

2020 च्या आधी काय बदललं, हा प्रश्न उरला. दोन गोष्टी बदलल्या होत्या, दोन्ही कोरड्या सालातल्या. 2018 ला पावसानं दगा दिला, 2019 च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात चारा छावण्या होत्या. त्या काळात घरापुढचा रस्ता सिमेंटचा झाला. जुना रस्ता न उकरता वरूनच काँक्रीट ओतलं, त्यामुळे रस्ता दीड फूट वर आला. तळघराचे दोन्ही झरोके त्यात बुजले आणि चौकातून येणाऱ्या मोरीचं तोंडही. पाठोपाठ अण्णांच्या मुलीचं लग्न ठरलं, म्हणून चौकात नवी फरशी घातली आणि तळघराला आतून कंबरेइतकं सिमेंटचं प्लास्टर मारलं. पाऊसच नव्हता, तेव्हा चुकलं काय हे कळायला वाव नव्हता. मराठवाड्यात दुष्काळी सालात केलेल्या बांधकामाकडे मी नेहमी संशयानं बघतो. त्याची परीक्षाच झालेली नसते.

एवढ्यानं पाणी चौकात तुंबायला हवं होतं. पण अण्णा ठामपणे म्हणाले, "चौकात पाणी थांबत नाही साहेब. पाऊस उघडला की तासाभरात कोरडा." मोरी बंद, फरशी सिमेंटनं सांधलेली, आणि पाणी तासाभरात जातं! कुठं जातं, हे कोणालाच सांगता येईना.

जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मी भाकरी चांगली पांढरी आहे म्हणालो, एवढंच निमित्त.

"आत्ता पांढरी," आक्का म्हणाल्या. "म्या नवी नवरी आले तवा या घरात लाल भाकर खाल्ली बगा."

"मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची का? बहात्तरच्या दुष्काळातली?"

"मिलो लोक खायचे. दुष्काळी कामावरची सुकडी खायचे. आमची घरचीच लाल व्हती. पेवातली. पाच-सहा सालं पेवात राहिली मंजी ज्वारी लाल पडती. वास तर असा की पहिला घास घशाखाली उतरत नव्हता. मग सवय झाली."

"कुठलं पेव, आक्का?"

"हे काय, हितंच की. तुळशीपासून चार पावलं. बहात्तरला शेवटचं उघडलं, पुना कवा भरलंच नाही."

"बुजवलं का मग?"

"बुजवायला कोण बसलंय? शिळा टाकली वरून."

अण्णांचा घास हातातच राहिला. त्यांच्या जन्माआधी बंद झालेलं पेव, त्यांना ऐकूनही माहीत नव्हतं.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, आकारानं घागरीसारखं: तोंड अरुंद, पोट मोठं. कोरड्या, घट्ट मुरमात खणायचं, आतून कडबा आणि भुस्सा लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर शिळा ठेवून मातीनं लिंपायचं. हवा नाही म्हणून किडा जगत नाही. लुटारूंपासून, आगीपासून आणि सरकारी लेव्हीपासूनही, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीपासूनही, धान्य लपायचं. बाजूचं धान्य लालसर पडायचं, पण दुष्काळात तेच गाव तारायचं.

मामांनी पहारीच्या बुंध्यानं फरशी ठोकत नेली. तुळशीपासून चार पावलांवर आवाज बदलला. तिथली फरशी इतर फरशांपेक्षा बोटभर खचलेली होती आणि तिच्या सांध्यातलं सिमेंट गेलं होतं. चौकाचा सगळा उतार तिकडेच. फरशी उचलली, खाली शिळा, शिळेच्या कडेला मूठ जाईल एवढी फट, आणि फटीतून आलेला कुबट वास सगळ्यांना मागे सरकवणारा.

इथे जरा थांबतो, कारण हे वाचून कोणी आपल्या वाड्यातलं पेव उघडायला जाईल. पेवात उतरून माणसं मेल्याच्या गोष्टी आपल्या प्रत्येक जुन्या गावात आहेत, आणि त्या खऱ्या असतात. बंद जागेत धान्य किंवा कुजकं काही असलं की प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. मामांनी कंदील सोडला, तो दोन हातांवर विझला. पण कंदील जळत राहिला असता तरी मी कोणाला उतरू दिलं नसतं. सडक्या पाण्यातून निघणारे इतर विषारी वायू कंदील ओळखत नाही. आणि एक जण पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो.

दोराला दगड बांधून माप घेतलं. तळ अकरा फुटांवर, पाणी चार फुटांवर. म्हणजे सात फूट पाणी उभं. तळघराची जमीन आठ फुटांवर, तेव्हा पेवातलं पाणी तिच्यापेक्षा चार फूट उंच. आणि पेवाचं पोट तळघराच्या भिंतीपासून फार तर तीन फूट. पाणी मुरमात जिरत नव्हतं, कारण जागा मुळातच न जिरणारी म्हणून निवडलेली. त्याला वाट होती ती एकच, तळघराच्या भिंतीच्या मातीच्या सांध्यातून.

हिशेब जेवणानंतर ओसरीवरच झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. आत उतरणारे पत्रे आणि चौक मिळून एकशे दहा चौरस मीटरच्या आसपास. दिवसात 100 मिलिमीटर पडला की अकरा हजार लिटर. पेवात साठलेलं पाणीही साधारण दहा हजार लिटरच. हस्ताच्या एका मुसळधार दिवसात पेव भरत होतं आणि पुढचे तीन-चार महिने तळघरात ठिबकत होतं.

दुसऱ्या दिवशी पंप लावून पेव उपसलं, तळघरही पुसून घेतलं. आठवडा गेला, पाणी आलं नाही. अण्णांनी फोन करून एवढंच सांगितलं, "नाही आलं."

काम

पहिलं काम काहीच न करण्याचं होतं. तळघर रिकामं केलं, सिमेंटचं प्लास्टर फोडून काढलं आणि उन्हाळ्यापर्यंत भिंत तशीच उघडी ठेवली. दगड-मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं की आतली ओल बाहेर पडायला जागा शोधत वर चढते. इथे प्लास्टर कंबरेपर्यंत आणि लोणा, म्हणजे ओलीतून फुटणारे पांढरे क्षार, छातीपर्यंत, हे त्याचंच लक्षण. घरच्यांना सगळ्यांत अवघड हेच गेलं. पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला "थांबा" सांगितलं की तो दुसरा माणूस शोधतो. बापूंनी दोनदा विचारलं, काम सुरू कधी होणार.

पेव बुजवलं. बापूंना त्यात पावसाचं पाणी साठवायचं होतं, पण भिंतीपासून तीन फुटांवर मुद्दाम पाणी साठवणं म्हणजे आजार पाळणं. आत कोणी न उतरता मुरूम थोडा थोडा टाकत, पाणी मारत, बसू देत भरलं. आतून ठासता येत नसल्यानं ते खचणार हे गृहीत धरलं होतं. एक पावसाळा गेल्यावर वर पुन्हा भर घातली आणि मगच फरशी बसवली, या वेळी उतार मोरीकडे. मोरी रस्त्याच्या खालून नेणं शक्य नव्हतं, म्हणून चौकाची सगळी पातळीच थोडी उचलली आणि पत्र्यांना आतून पन्हळ लावून बरंचसं पाणी पाइपानं वरच्यावर रस्त्याच्या गटारीत सोडलं. खरं तर हेच काम 1994 मध्ये पत्र्यांबरोबर व्हायला हवं होतं.

झरोक्यांपुढे रस्त्याच्या कडेला छोट्या कुंड्या बांधून त्यांचे काठ रस्त्यापेक्षा चार बोटं उंच ठेवले, वर जाळी टाकली. जिन्यावरचं सवणं, म्हणजे छतातलं उजेड-वाऱ्याचं भोक, पत्र्यानं बंद होतं, ते उघडून त्यालाही जाळी बसवली. आता हवा खालून शिरते आणि वरून जाते. झरोके बारा महिने सताड उघडे ठेवायचे नाहीत, हे मात्र बजावून सांगावं लागलं. उन्हाळ्याची कोरडी हवा भिंत सुकवते. श्रावणातली दमट हवा गार भिंतीला लागली की बुरशीला पुरेल एवढा ओलावा तीच आणते. ओल भिंतीतून येते की हवेतून, हे बघायचं असेल तर भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन-तीन दिवस ठेवावा. थेंब भिंतीकडच्या बाजूनं आले तर भिंतीचे, खोलीकडच्या बाजूनं आले तर हवेचे.

2022 च्या उन्हाळ्यात चुन्याचा गिलावा झाला. कळीचा चुना मोठ्या हौदात विरवून पंधरा दिवस मुरवला. विरवताना पाणी उकळतं, पोरांना लांब ठेवावं लागतं. एक भाग चुना, एक भाग विटांची सुरखी, दोन भाग वाळू. मामांनी त्यात बेलफळाचं आणि गुळाचं पाणी घातलं, ताग कापून टाकला. उडदाच्या डाळीचा आग्रह मी मोडून काढला, मुंग्यांना आमंत्रण नको म्हणून. तागावरून बोलणं वेरूळपर्यंत गेलं. तिथल्या लेण्यांच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत, हे ऐकून मामा खूश झाले आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले.

शेजाऱ्यांचा शोषखड्डा कामात कुठेच आला नाही. अण्णांनी माफी वगैरे मागितली नाही. त्या येळवशीला मात्र भाऊकीतली माणसं यांच्या शेतात जेवायला होती, आणि नव्या वर्षात शेजाऱ्यांनी आपणहून चेंबरमधली वाट बदलून संडासाचं पाणी लांबच्या दुसऱ्या खड्ड्यात वळवलं. दोन खड्ड्यांच्या संडासात ती सोय असतेच, एक भरला की दुसरा.

2025

2022, 2023, 2024 या तिन्ही पावसाळ्यांत तळघर कोरडं राहिलं. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं: सीना, मांजरा, गोदावरी सगळ्या पात्राबाहेर, उभं सोयाबीन पाण्यात. अण्णांचा फोन आला, तळघरात पाणी आहे. या वेळी कोपरा नैऋत्येचा, रस्त्याकडचा. गेलो, तर त्यांनी शेजारच्या आडाचं माप आधीच घेऊन ठेवलं होतं. पाणी तळघराच्या जमिनीपेक्षा हातभर वर.

हे भूजलच होतं, आणि त्याला उपाय नव्हता. ते रोखण्यासाठी तळघराला बाहेरून वेढा घालावा लागेल, तो खर्च या घराला झेपणारा नाही आणि अशा वर्षासाठी करण्याजोगाही नाही. नैऋत्येला दोन फुटांचा खड्डा घेतला, चारी बाजूंनी दगड रचले, त्यात छोटा पंप सोडला. आडातली पातळी उतरली तसं दिवाळीपर्यंत पाणी आपोआप गेलं. ईशान्येचा कोपरा या सगळ्यात कोरडाच होता. चुन्याच्या गिलाव्यावर खाली फूटभर लोणा आला, तो कोरड्या ब्रशनं झाडला. लोणा आलेला चुन्याचा भाग दर चार-पाच वर्षांनी खरवडून पुन्हा लावायचा, अशाच हिशेबानं तो लावलेला असतो.

राहिलेलं काम उत्तरेच्या भिंतीचं. 1993 पासूनचं पोट तसंच आहे. त्या भिंतीत जागोजागी भोकं पाडून आरपार सळई आणि काँक्रीटचे दगड घालायचं ठरलंय, पण सोयाबीन गेल्यामुळे यंदा ते लांबलं. बापूंचं स्लॅबचं म्हणणंही अजून मिटलेलं नाही. बियाण्याची पोती वरच्या खोलीत फळ्यांवर असतात. ती पुन्हा तळघरात ठेवू का, असं अण्णा विचारत होते. मी तूर्त नाही म्हणालोय.